नुसतं पळवून बघतो

काही महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्या हॉलमध्ये सोफा नव्हता, विमानाचा उजवा पंख होता. दोन लाकडी घोड्यांवर आडवा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. टीव्ही लावायचा तर त्याच्याखालून वाकून जावं लागायचं. पाहुणे आले की आई दारातच सांगायची, "या, बसा, पण कशाला टेकू नका."

माझे बाबा चष्मेवाले आहेत. दिवसभर दुकानात लोकांना "हे स्पष्ट दिसतं, की हे?" असं विचारतात आणि संध्याकाळी घरी येऊन विमान बांधतात. हे मी कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला : "खेळण्यातलं?" नाही हो, खरं. दोन माणसं आत बसून उडतात तसं. दुसरा प्रश्न : "अशी परवानगी असते?" असते, पण एक माणूस येऊन तपासून जातो. आणि तिसरा प्रश्न, जरा आवाज खाली आणून : "मग तुझी आई काही बोलत नाही?"

बोलते की. तिचं बोलणं हीच तर सगळी भानगड आहे.

विमान सुरू झालं तेव्हा मी बालवाडीत होते. माझे दुधाचे दात पडले, नवे आले, ते वाकडे आले म्हणून तारा लागल्या, तारा निघाल्या, तरी शेपूट व्हायचीच होती. मधल्या काळात घरातल्या एकेक वस्तूला नोकरी लागली. केक भाजायच्या ट्रेमध्ये नटबोल्ट राहायला गेले. आईचा केस वाळवायचा ड्रायर डिंक वाळवू लागला. सगळ्यात वाईट म्हणजे इस्त्री. आमच्या विमानाच्या पंखांवर कापड आहे. ते चिकटवलं की वरून गरम इस्त्री फिरवायची, मग ते आवळतं आणि बोटानं टिचकी मारली तर ढमढम वाजतं. पण इस्त्री अगदी ठरावीकच गरम हवी. बाबांनी दोन दिवस खटपट करून आमची इस्त्री बरोब्बर तेवढ्यावर आणली आणि बटणावर चिकटपट्टी मारून टाकली. तेवढ्या उष्णतेवर विमान गुळगुळीत होतं, शाळेचा स्कर्ट होत नाही. मी दोन वर्षं चुरगळलेली शाळेत गेले. एकदा बाईंनी विचारलं, "घरी इस्त्री नाही का गं?" मी म्हटलं, "आहे, पण ती विमानाची आहे." मला वर्गाबाहेर उभं केलं. तेव्हा मी गप्प उभी राहिले. आता राहणार नाही, ते सोडा.

आई सिटी बस चालवते. दर रविवारी तिला सुट्टी, आणि दर रविवारी घरात डिंकाचा वास. त्यामुळे ती मला घेऊन गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर जायची. विमानतळ म्हणजे काय, एक धावपट्टी, तीन पत्र्याच्या शेड आणि एक कँटीन, ज्यात बिस्किटं कायम संपलेली. बाबांच्या मते आई तिथे हवा खायला जायची. प्रत्यक्षात ती तिथे विमान शिकली.

चोरून नाही हं. तिथले शिकवणारे, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते एकदा म्हणाले, "वहिनी, एवढी मोठी बस वळवता, हे तर खेळणं आहे, बसून तरी बघा." ती बसली. मग बसतच राहिली. आणि ज्या दिवशी मास्तरांनी तिला पहिल्यांदा एकटीला वर पाठवलं, त्या संध्याकाळी ती घरी येऊन, विमानाचं धड होतं त्या गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मी आज एकटीने विमान उडवलं."

बाबा शेपटीच्या आत खांद्यापर्यंत गेलेले. तिथून आवाज आला, "हं. तो छोटा क्लॅम्प दे बघू."

आईनं क्लॅम्प दिला. हात धुतले. जेवायला वाढलं. मी तेव्हा सहावीत होते, पण इतकं मलाही कळलं की हे प्रकरण आता लांबणार. मी म्हटलं, "अगं, परत सांग ना!"

"मी एकदा सांगितलंय," आई म्हणाली. "सांगणं माझं काम होतं. ऐकणं माझं काम नाही."

पुढे तिला पक्का परवाना मिळाला, तो ती पर्समध्ये बसच्या परवान्याला लागून ठेवायला लागली. बाबांचा शोध तरी चालू होता, की आई हल्ली रविवारची इतकी खूश का असते. त्यांचा निष्कर्ष : मोकळी हवा.

बाबांकडेही परवाना होता, लग्नाआधीचा. ते एकेकाळी छान उडवायचे असं मास्तर स्वतः सांगतात. पण विमान बांधणाऱ्या माणसांना एक खास रोग होतो. संध्याकाळ विमानाला, सुट्टी विमानाला, मग उडायला जायला वेळ कुठला? "आधी हे होऊ दे, मग उडायचंच आहे," असं म्हणत म्हणत विमान तयार होतं आणि माणूस गंजतो. मास्तर म्हणतात अशी त्यांनी चार माणसं पाहिलीत. चौघांनाही वाटत होतं की हा रोग इतरांना होतो.

तर विमान झालं. पंख हॉलमधून निघाले (खिडकीतून, त्यावर वेगळं लिहावं लागेल), सगळं ट्रेलरवर लादून शेडमध्ये जोडलं, आणि तपासनीस आले. त्यांना सगळे आरसेवाले म्हणतात, कारण ते दंतवैद्यासारखा काडीवरचा आरसा घेऊन फिरतात आणि जिथे डोकं जात नाही तिथे तो घालतात. त्यांनी दुपारभर आरसा घातला. शेवटी उठून गुडघे झटकले आणि म्हणाले, "स्क्रूच्या खाचासुद्धा सगळ्या एका दिशेला आहेत."

"हो," बाबा म्हणाले. जणू माझं लग्न ठरलं होतं, असा चेहरा.

"विमानात काही खोट नाही. आता सांगा, तुम्ही शेवटचं कधी उडवलंत?"

"काय?"

"विमान."

बाबांनी विमानाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग माझ्याकडे. मी बालवाडीत असल्यापासूनची वर्षं मोजायची खूण मीच ना. "हेच उडवायचं म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले.

आरसेवाल्यांनी आरसा खिशात घातला. "मी यंत्र तपासतो. माणूस मास्तर तपासतील."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा उडतं तेव्हा आत एकच माणूस असतो. दुसरी सीट रिकामी. काही बिनसलं तर एकाचंच बिनसावं म्हणून. आणि विमानतळावरच्या लोकांत कोणी बांधलं यानंतर लगेच विचारतात, पहिलं उडवलं कोणी. या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर असावं, एवढ्यासाठी बाबांनी इतक्या वर्षांत एकही सिनेमा पाहिला नव्हता. त्यामुळे 'पहिलं तुम्ही नका उडवू' हे त्यांना कोण सांगणार?

मास्तर त्यांना क्लबच्या जुन्या विमानात घेऊन गेले. मी आणि आई कँटीनबाहेरच्या बाकावर. चढले बरे. मग उतरताना ते विमान एकदा टेकलं, वर उडालं, दुसऱ्यांदा टेकलं, परत उडालं, तिसऱ्यांदा टेकलं आणि वाकडं पळालं. हे सगळं मिळून एक उतरणं. आईनं बाकाची कड धरली होती, आणि तिचा उजवा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबत होता.

"थोडा सराव लागेल," मास्तर म्हणाले. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "दोन-तीन महिने. तोवर तुमचं विमान खालीच, सावकाश फिरवा. माणूस चालतो त्या वेगानं, बास."

"तुमचं विमान सरळ नाहीये," बाबा म्हणाले. "त्याची पुढची काच बघितलीत? त्यातून कुणालाही उतरता येणार नाही."

घरी येताना गाडीत बाबा त्या काचेलाच नावं ठेवत होते. मी आईला कोपरानं ढोसलं. तिनं मला परत ढोसलं.

पुढच्या शनिवारी बाबांनी मला लवकर उठवलं. आई पहिल्या बसवर गेली होती. "चल," ते म्हणाले, "नुसतं पळवून बघतो. धावपट्टीवर, जरा वेगानं. शेपूट उचलते का बघायचं. आईला कशाला उगाच सांगायचं?"

शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. मास्तर नऊच्या आधी उगवत नाहीत, हे बाबांना माहीत होतं आणि हे त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. त्यांनी माझ्या हातात आग विझवायचा लाल डबा दिला. "धूर दिसला तर ही कडी ओढायची. दिसणार नाही, पण दिसला तर."

आणि ते आत बसले. मी डबा पोटाशी धरून उभी, आणि माझी नजर त्यांच्या शर्टावर गेली. कडक इस्त्रीचा शर्ट. म्हणजे चिकटपट्टी काढली होती! शिवाय दाढी केलेली. गळ्यात नवा रुमाल.

"बाबा, नुसतं पळवायचंय ना?"

"नुसतं पळवायचंय."

"मग पट्टा इतका घट्ट का आवळताय?"

"सवय."

"टाकी किती भरलीय?"

"तू फार प्रश्न विचारतेस हल्ली."

"किती?"

"भरलीय," ते म्हणाले. "पूर्ण. जड विमान कसं पळतं तेही कळायला हवं."

मास्तरांनी मला एकदा सांगितलं होतं की हलकं विमान नुसतं पळवायला जाणारी माणसं कशी उडतात. वेग येतो, विमान आपणहून उचललं जातं, समोर धावपट्टी संपत आलेली असते, आणि मग माणूस म्हणतो, आता वर जाण्यावाचून इलाज नाही. वर जायला कुणाची हरकत नसते. पण नंतर उतरावं लागतं. तिकडे मात्र इलाज असलेला बरा.

मी जाऊन पुढच्या पंख्यासमोर उभी राहिले. इंजिन बंद होतं, नाहीतर तिथे उभं राहायचं नसतं, एवढं शिकलेय मी.

"बाजूला हो."

"बाबा, ते निळ्या गाडीवाले आजोबा आठवतात?"

"आत्ता?"

ते आजोबा दर वर्षी दुकानात यायचे. गाडी चालवायची तर डोळ्यांचा दाखला लागतो, म्हणून. समोरचा अक्षरांचा तक्ता धडाधड वाचायचे. गेल्या वर्षी बाबांनी गुपचूप तक्ता बदलला, तरी आजोबांनी जुनाच तक्ता तितक्याच धडाधड वाचला. बाबांनी दाखला दिला नाही. आजोबा किती चिडले! "अरे, मी कुठे हायवेवर नेतो? नुसती गल्लीत तर फिरवतो!"

"तुम्ही त्यांना काय म्हणालात?" मी विचारलं.

बाबा रुमालानं समोरची काच पुसू लागले.

"तुम्ही म्हणालात, 'गल्लीतसुद्धा माणसं असतात.' मी तिथेच होते, फ्रेमा पुसत."

"ते वेगळं."

"हो, त्यांना तक्ता पाठ तरी होता!"

हे जरा जास्त झालं. बाबांचे कान लाल झाले. ते पट्ट्याच्या कडीशी चाळा करत बसले, आणि मग एकदम लहान आवाजात म्हणाले, "मग कोण उडवणार? मास्तर? कुणीतरी परका येऊन माझ्या विमानाचं पहिलं..."

"आई."

"आई काय?"

"आईला येतं उडवता. परवाना आहे. मी सहावीत असल्यापासून उडवतेय."

"मला म्हणाली असती."

"म्हणाली. गॅरेजच्या दारात उभी राहून. तुम्ही 'हं' म्हणालात आणि क्लॅम्प मागितलात."

मला वाटलं होतं ते हसतील, नाहीतर ओरडतील. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एवढीशी फाकवली. "छोटा," ते म्हणाले. "शेपटीचं काम चाललं होतं." म्हणजे त्यांना क्लॅम्प आठवत होता. त्यांनी इंधनाचा कॉक बंद केला, पट्टा सोडला आणि खाली उतरताना इस्त्रीचा शर्ट दाराच्या कडीत अडकवून टर्रकन फाडला.

आम्ही सरळ बस स्टँडवर गेलो. आईची बस उभीच होती, माणसं चढत होती. बाबा पुढच्या दारातून चढले. "अगं, ऐक..."

"तिकीट," आई म्हणाली.

"मला फक्त..."

तिनं डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. बस चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये.

"पण बस चालू कुठे आहे?"

आईनं बस चालू केली.

आम्ही दोन तिकिटं काढली आणि तिच्या मागच्या सीटवर बसलो. तिचा मार्ग शहरातला सगळ्यात लांब. हॉस्पिटल, कोर्ट, दोन शाळा, मग नदीपलीकडच्या वसाहती. बाबा सुरुवातीला चुळबुळत होते. मग थांबले. एक म्हातारी काठी धरून उभी होती, तिला कुणी जागा दिली नाही. आई प्रत्येक थांब्याला अशी थांबायची की म्हातारीची काठीसुद्धा हलत नव्हती. वळणावर एक सायकलवाला आडवा आला. आईनं ना हॉर्न दाबला, ना शिवी दिली. नुसती बस जराशी सरकली आणि सायकलवाल्याला कळलंही नाही की तो वाचला. बाबा लोकांचे डोळे तपासताना जसे पुढे झुकून बघतात, तसे तिच्या हातांकडे बघत होते. वर्षानुवर्षं ती रोज हे करत होती आणि ते पहिल्यांदाच तिच्या बसमध्ये बसले होते!

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. आईनं इंजिन बंद केलं आणि मागे वळली. "शर्ट कशानं फाटला?"

"विमानानं."

"उडवलंत?" तिचा चेहरा एका क्षणात पांढरा पडला.

"नाही. हिनं नाही उडवू दिलं." त्यांनी घसा साफ केला. "पहिलं उड्डाण तू करशील?"

"मी का?"

"मला येत नाही म्हणून. म्हणजे यायचं. आता नाही येत."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे बघण्यासारखं एक कचऱ्याचं पिंप होतं.

"मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती," आई म्हणाली.

"हो."

"कोणती?"

"की तू... आज... म्हणजे त्या दिवशी, एकटीने विमान उडवलंस."

"मग?"

"मग काय," बाबा म्हणाले, "कसं झालं होतं?"

परतीची बस त्या दिवशी उशिरा सुटली. लोकांनी दार वाजवलं, तक्रारी केल्या. सगळ्यांना पुढच्या आठवड्यात विमानतळावर बोलवावं असं मला वाटत होतं, पण आईनं डोळे वटारले.

मास्तरांनी आईला कितीतरी तालमी करायला लावल्या, आणि मग एका बिनवाऱ्याच्या सकाळी ती आमच्या विमानात बसली. बाबा दारात वाकून सूचना देत होते. तेल, दाब, तापमान, परत तेल. "झालं?" आई म्हणाली. "आता तुम्ही बाजूला झालात तर मी निघते."

विमान पळालं, शेपूट उचलली, आणि उडालं. इतकं साधं. इतक्या वर्षांचा केकचा ट्रे, ड्रायर, माझे स्कर्ट, सगळं एका झटक्यात वर! मी इतकी किंचाळले की आरसेवाल्यांनी कान झाकले. बाबांनी मात्र पाहिलंच नाही. ते पाठ करून शेडच्या पत्र्याकडे तोंड करून उभे होते, आणि मला सारखे विचारत होते, "आता कुठेय? आता?" मी सांगत होते. "वळतेय. छान वळतेय. कँटीनवरून जातेय. बाबा, बघा ना हो!"

"बघतोय," ते पत्र्याला म्हणाले.

उतरताना चाकं कधी टेकली ते कळलंच नाही. मास्तरांनी टोपी काढली. सगळे धावले, बाबा सगळ्यात मागून चालत आले. त्यांनी आधी विमानाच्या गरम नाकावर हात ठेवला आणि मग आईकडे बघितलं.

"हात सोडला की उजवीकडे ओढतं," आई म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अशा वेळी असं बोलतात? पण बाबांचा चेहरा शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा उजळला. "उजवीकडे? किती? सारखं की थांबून थांबून?" आणि पाचव्या मिनिटाला ते स्क्रूड्रायव्हर घेऊन शेपटीखाली उताणे पडले होते, आरसेवाले आरसा घेऊन त्यांच्या शेजारी.

आई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. पाण्याची बाटली उघडायला गेली तर झाकण फिरेना. मी उघडून दिली.

"घाबरली होतीस?"

"वर नाही. वर मला राग आला होता." ती घटाघटा प्यायली. "एकदम, सगळ्या वर्षांचा. म्हटलं, आता मनसोक्त रागवून घेऊ, इथे कोण ऐकतंय. पण ते इतकं छान उडत होतं गं. नाकासमोर बघ, वेग बघ, तेल बघ. रागवायला वेळच मिळाला नाही."

"मग आता रागव."

"आता पाय दुखतायत," आई म्हणाली आणि चपला काढून तिनं पाय बाकावर घेतले.

हल्ली रविवारी बाबा मास्तरांकडे शिकतात, अगदी पहिल्या धड्यापासून, आणि आई ठरलेले तास एकटी उडवून विमानाची परीक्षा पुरी करते. ते तास भरले की दुसऱ्या सीटवर कुणीतरी बसू शकेल. बाबांच्या मते अर्थात ते, त्यांनी बांधलंय. घरात यावर अजून उघड चर्चा झालेली नाही, पण मी आईशी बोलून ठेवलंय, आणि ती "हं" म्हणाली नाही. ती म्हणाली, "बघू, आधी अभ्यास कर." दहावीच्या मुलीला याहून चांगलं उत्तर कुणी देत नाही.